आकडा सांगण्याची रीत

भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधीचा भारत व सोव्हिएत संघ यांच्यामधील करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. वर्षाला दहा लाख टन पोलाद, हे त्या कारखान्याचे पहिले उद्दिष्ट होते. आता हा दहा लाखांचा आकडा त्या काळच्या भिलाईत तीन तऱ्हांनी लिहिला जाण्याजोगा होता. आपल्या शाळेत शिकलेला कारकून उजवीकडून प्रथम तीन आणि पुढे दोन-दोन शून्ये सोडून स्वल्पविराम देई : १०,००,०००. विलायती पुस्तकांवर वाढलेला इंजिनियर दर तीन शून्यांमागे स्वल्पविराम देई : १,०००,०००. रशियन तंत्रज्ञ स्वल्पविराम देतच नसे. तीन-तीन शून्यांच्या मध्ये तो नुसती मोकळी जागा सोडी, कारण त्याच्या लेखी स्वल्पविरामाचे काम अगदी निराळे आहे. आपण दशांशाचे टिंब देतो त्या जागी तो स्वल्पविराम देतो. तेव्हा एक, मग स्वल्पविराम, मग पाच-शून्य-शून्य, अशी अक्षरे त्याच्या वहीत दिसली तर ती दीड, आणि आपल्या वहीत दिसली तर दीड हजार. हजारपटीचा फरक, आणि दोघांपैकी चुकलेला कोणीच नाही.

अशा वेळी काम भागते ते वाचणारा माणूस असतो म्हणून. एखाद्या पट्टीची जाडी दीड हजार मिलिमीटर असू शकत नाही हे त्याला ठाऊक असते. तो कपाळाला आठी घालतो, शेजारच्याला विचारतो, दुभाष्याला बोलावतो. परंतु आकडा ऐकणारा जर माणूस नसून यंत्र असेल तर? यंत्राच्या कपाळाला आठी पडत नाही. सांगितले ते ते करून मोकळे होते. आजचा माझा विषय हाच आहे. विद्युत्‌मापनाच्या यंत्रांना आज्ञा देताना आकडा कोणत्या रूपात द्यावा, हे पंधरा-वीस वर्षांच्या खटपटीनंतर कसे ठरले, आणि ठरूनही कोठे कोठे गाठी राहिल्या, त्याचा हा इतिहास आहे. माझ्यासारख्या इतिहास शिकलेल्या सरकारी नोकराचा ह्या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध इतकाच की काही वर्षांपूर्वी मापनयंत्रांच्या खरेदीची एक फाइल माझ्या टेबलावर आली आणि तिच्याबरोबर त्या यंत्रांची जाडजूड आज्ञापुस्तकेही आली. खरेदी यथाकाल पार पडली. पुस्तके मात्र मी वाचीत राहिलो; कारण त्यांत मला यंत्रांपेक्षा माणसेच अधिक दिसू लागली.

प्रथम एक भेद सांगून ठेवतो. भिलाईच्या वसाहतीतील विभागांना नावांऐवजी क्रमांक आहेत. मी राहतो तो सेक्टर १०. आता ह्या दहामध्ये नऊपेक्षा एकाने जास्त असे काहीही नाही. सेक्टर ५ हा सेक्टर १० चा अर्धा नव्हे, आणि सेक्टर साडेनऊ असा पत्ता टाकलेल्या पाकिटाचे टपालवाल्याने काय करावे हा प्रश्नच आहे. हा आकडा नावाच्या जागी उभा आहे. उलट ह्याच सेक्टरातल्या दुकानातून मी दहा किलो तांदूळ आणले तर ते दहा मात्र खरोखरीचे दहा. ते साडेनऊही भरू शकतात, आणि पुष्कळदा भरतात. यंत्राच्या आज्ञेतही हे दोन्ही प्रकार असतात. यंत्राचा दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग चालू कर, ह्यातला दोन हा सेक्टरासारखा. त्या मार्गावर दोन व्होल्ट दे, ह्यातला दोन हा तांदळासारखा. आज्ञेला जोडावयाच्या अशा राशीला पॅरामीटर म्हणतात. आज मी बोलणार आहे ते ह्या तांदळासारख्या आकड्यांविषयी.

आकडा सांगण्याच्या रीती आपल्याकडे काही थोड्या नव्हत्या. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण गावी ज्यांच्या विद्येची परंपरा शिलालेखाने नोंदलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती रचली. तिच्या आरंभी उदाहरणे नाहीत, आरंभी परिभाषा आहे : वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. आधी मापे ठरवून घ्यावीत, मग प्रश्न विचारावा, अशी ही शिस्त. आमच्या ज्योतिष्यांनी तर आकडे शब्दांत गुंफले. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. आणि हे शब्द वाचावयाचे ते एककाकडून सुरुवात करून, म्हणजे पहिला शब्द सर्वांत उजवीकडच्या अंकाचा. हा नियम ज्याला ठाऊक नाही त्याला शके अचूक शब्दांत सांगूनही उलटाच कळावयाचा. त्यात नवल ते काय? आपली रोजची मराठीही पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस मागून सांगते, लिहिताना मात्र दोन आधी लिहिते.

व्यवहारातला आकडा ह्याहून निराळा. मराठी माणूस दीड, अडीच, सव्वा, पावणेचार, साडेतीन अशा भाषेत मोजतो. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठे ही त्याची पुण्यस्थळेसुद्धा अपूर्णांकात! पूर्वीच्या पंतोजीच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. हे अपूर्णांक लिहावयाचे चिन्हही सोपे होते. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. एकावर दोन रेघा, १॥, की झाले दीड. त्याहून बारीक हिश्शांना, म्हणजे आणा-दोन आणे दाखविण्यास, तिरक्या रेघा. भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपुरावर चालून आले आणि छत्तीसगड नागपूरकरांच्या अमलाखाली गेले, तेव्हा मोडी दप्तराबरोबर ही रेघांची भाषाही इकडे आली. पुढे १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. इकडच्या मराठी घरांपैकी काही त्या पहिल्या लाटेबरोबरची आणि काही कारखान्याबरोबरची. आमचे घर दुसऱ्या लाटेतले.

ह्या रेघांची गोम अशी की ज्याला रीत ठाऊक आहे त्यालाच त्या बोलतात. इंग्रजी अंकांची सवय झालेल्या डोळ्याला उभी रेघ म्हणजे एक. त्याने १॥ ही अक्षरे आपल्या अंकांत उतरून घेतली तर दीडाचे एकशे अकरा व्हावयाचे. बाजारात ही भीती नव्हती, कारण बाजारातला आकडा तोंडी चाले आणि ऐकणारा उदार असे. गिऱ्हाइकाने दीडशे म्हणावे, एकशे पन्नास म्हणावे, साडेसात विसा म्हणावे. दुकानदार सर्व ऐकून घेई. वहीत मात्र तो एकाच रीतीने लिही. कारण वही दुसरा कोणी वाचणार, कदाचित दुसऱ्या पिढीतला, कदाचित अदालतीतला. ऐकताना सैल आणि लिहिताना काटेकोर, अशी ही बाजाराची रीत श्रोत्यांनी कृपया लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

सरकारी कचेरीने दुसरा उपाय योजला. आकडा दोनदा लिहावयाचा, एकदा अंकी, एकदा अक्षरी. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याचे अठरावे कलम सांगते की हुंडीवर अगर धनादेशावर अंकांतली रक्कम आणि अक्षरांतली रक्कम जुळत नसेल तर अक्षरांतली खरी धरावी. एवढे छोटे कलम, पण त्यात केवढे शहाणपण आहे! अंकात एक शून्य सहज वाढते. 'पाचशे' ह्या शब्दाचे 'पाच हजार' करावयाला बराच खटाटोप लागतो. आम्हां कचेरीतल्या लोकांच्या अक्षरी-अंकीची थट्टा होते, पण मला ती रीत कधी हास्यास्पद वाटली नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात नवे पैसे आले. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पैचा रुपया त्या दिवशी शंभर नव्या पैशांचा झाला. तोपर्यंत रुपये, आणे, पै तीन घरांत लिहावे लागत. पाच रुपये आठ आणे सहा पै म्हणजे ५-८-६, आणि ह्या तीन घरांचे हिशेब निरनिराळे, एक सोळाचा, एक बाराचा. नव्या रीतीत एक टिंब पुरे झाले. परंतु एका रीतीतून दुसरीत जाताना काठ तुटतोच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तेव्हा नियम असा केला की अर्धा किंवा त्याहून कमी उरला तर सोडावा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा धरावा. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस. एका आण्याची वस्तू तीनदा निरनिराळी घेतली तर अठरा नवे पैसे, आणि तिन्ही एकदम घेतल्या तर एकोणीस! बाजारात ह्यावरून झालेली हुज्जत त्या पिढीच्या लोकांकडून अनेकांनी ऐकली असेल. 'नवे' हे विशेषण १ जून १९६४ पासून गळून गेले. हुज्जत त्याच्या थोडी आधीच थांबली असावी.

योगायोग असा की त्याच १९५७ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने फोर्ट्रान ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा बाहेर काढली. जॉन बॅकस हे तिच्या कर्त्यांचे प्रमुख. ह्या भाषेत आकडा आत घ्यावयाचा किंवा बाहेर छापावयाचा तर त्याचा साचा आधी जाहीर करावा लागे. साचे मुख्यत्वे तीन. पहिला नुसत्या पूर्णांकाचा. दुसरा टिंब असलेल्या आकड्याचा. तिसरा फार मोठ्या किंवा फार लहान आकड्यांसाठी : आधी एक आटोपशीर आकडा, मग ई हे अक्षर, मग दहाचा घात. म्हणजे १.५ई३ ह्याचा अर्थ दीड गुणिले दहाचा तिसरा घात, दीड हजार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक चालू झाला, आणि त्याच संस्थेत १९६४ मध्ये सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले. त्यावर फोर्ट्रान चाले. छिद्रे पाडलेली पत्रे घेऊन आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या संशोधकांची एक पिढी ह्या तीन साच्यांवरच वाढली.

त्या पत्र्यांत एक खोडी होती. टिंबाच्या साच्यात दोन दशांशस्थळे जाहीर केली असतील आणि पत्र्यावर टिंब न देता नुसते १५०० असे छिद्रांकित केले असेल, तर यंत्र उजवीकडून दोन घरे मोजून टिंब स्वतःच कल्पून घेई आणि पंधरा वाचत असे. टिंब दिले असते तर दिलेल्या जागी मानले असते. एक छिद्र वाचवावे म्हणून केलेली ही सोय. ज्याला ठाऊक त्याला सोय, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या हिशेबात शंभरपट घट, तीही एका शब्दाचीही सूचना न मिळता.

आता मूळ विषयाकडे येतो. १९६० नंतरच्या दशकात मापनयंत्रे आकडे दाखवू लागली आणि ती एकमेकांना व संगणकाला जोडण्याची गरज उत्पन्न झाली. शंभर सुट्या भागांची तपासणी करावयाची तर माणसाने शंभरदा बटण दाबून शंभरदा वहीत लिहावे, हे खर्चाचे आणि चुकीचेही. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या यंत्रांसाठी एक सामाईक तारजोड बसविली. १९७५ साली तेथील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने तीच ४८८ क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारली. चोवीस टाचण्यांची जोडणी, आकडे-अक्षरे वाहणाऱ्या आठ तारा, एका वेळी जास्तीत जास्त पंधरा यंत्रे आणि एकंदर वीस मीटर लांबी, असे सर्व तीत ठरले. ऐकणाऱ्या यंत्राने 'ऐकले' अशी खूण केल्यावाचून बोलणाऱ्याने पुढचे अक्षर बोलू नये, इतपत सभ्यताही ठरली.

ठरले नाही ते एकच : बोलावयाचे काय? तार एक आणि भाषा मात्र ज्या त्या कंपनीची. एका कारखानदाराच्या मीटरला एकदिश व्होल्ट मोजावयाला 'एफ १' म्हणावे लागे, दुसऱ्याच्या मीटरला तेच अक्षर म्हणजे दुसरेच काही. आकड्यांचीही तीच कथा. कोणाला टिंब हवे, कोणाला चालत नसे. कोणी घाताचे रूप समजे, कोणी ई दिसताच अडे. जुने यंत्र मोडून त्याच कामाचे नवे आणले की आज्ञांचे पुस्तक पुन्हा लिहावे लागे. आगगाडीचे रूळ एका मापाचे टाकले, पण स्थानकागणिक घड्याळे निराळी, अशी ही अवस्था. १९८२ मध्ये ७२८ क्रमांकाची एक शिफारस निघाली, पण शिफारसच ती, पाळणाऱ्याने पाळावी.

शेवटी १९८७ साली ४८८ चा दुसरा भाग प्रसिद्ध झाला आणि त्यात आकड्याची रूपे बांधून दिली गेली. पहिल्या रूपाला एन-आर-१ म्हणतात. हा नुसता पूर्णांक, टिंबावाचूनचा : १५. दुसरे एन-आर-२, ह्यात टिंब उघड लिहिलेले : १५.०. तिसरे एन-आर-३, ह्यात टिंबही आणि दहाचा घातही : १.५ई+१. फोर्ट्रानचे ते तीन साचे श्रोत्यांना आठवतील. हीच त्रयी त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८५ मध्ये, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ६०९३ क्रमांकाच्या मानकातही नोंदली गेली होती. इथवर नवीन काही नाही. नवीन जे आहे ते चौथे रूप, एन-आर-एफ. त्यातला एफ म्हणजे लवचीक. आणि ते रूप असे काही वेगळे नाहीच; वरच्या तिन्हींपैकी कोणतेही चालेल, असे ते सांगते.

ह्या चौथ्या रूपातच त्या मानकाचा सारा विचार आहे. यंत्र ऐकत असेल तेव्हा त्याने उदार असावे : पंधरा म्हणा, पंधरा टिंब शून्य म्हणा, दीड गुणिले दहा म्हणा, पुढे अधिकचे चिन्ह द्या वा न द्या, ई लहान काढा वा मोठा, सर्व समजून घ्यावे. यंत्र बोलत असेल तेव्हा मात्र त्याने काटेकोर असावे : ज्या प्रश्नाचे उत्तर पूर्णांकात द्यावयाचे ठरले आहे ते पूर्णांकातच, ज्याचे घाताच्या रूपात ते त्याच रूपात. मघाच्या दुकानदाराची ती रीत, गिऱ्हाइकाचे काहीही ऐकणे आणि वहीत एकच लिहिणे, ती येथे शब्दशः भेटते. संगणकांच्या आपसांतील संदेशवहनासाठी जॉन पोस्टेल यांनीही १९८० मध्ये ह्याच अर्थाचा नियम लिहून ठेवला होता. मला ह्यात महत्त्वाचे वाटते ते हे की भाराची वाटणी न्यायाने झाली आहे. आज्ञा लिहिणारा माणूस घाईत असतो, थकलेला असतो, निरनिराळ्या देशांचा असतो. त्याच्यावर रूपाची सक्ती कमी. यंत्राला थकवा नाही. म्हणून शिस्त त्याच्या गळ्यात.

ही उदारता किती दूर नेली आहे हे पाहण्यासारखे आहे. यंत्राच्या कुवतीपेक्षा बारीक आकडा दिला, म्हणजे त्याला हजारांश समजतो आणि आपण दशसहस्रांश सांगितला, तर त्याने पुढचे अंक तोडून न टाकता जवळच्या आकड्यापर्यंत पूर्ण करून घ्यावे, असे मानक सांगते. तीन आण्यांच्या एकोणीस नव्या पैशांची ही सख्खी बहीण. अंक किती लांबवावेत? आरंभीची शून्ये सोडून दोनशे पंचावन्नपर्यंत. घात किती मोठा? बत्तीस हजारांपर्यंत. ह्यापलीकडे गेल्यास यंत्र क्रमांक देऊन तक्रार करते, आणि ती तक्रारही सर्व यंत्रांत एकच. १९९० साली निरनिराळ्या कंपन्यांनी मिळून ह्या पायावर स्कपी नावाची सामाईक आज्ञाभाषा उभी केली. तिच्यात आकड्याच्या जागी 'किमान', 'कमाल' किंवा 'ठरलेले नेहमीचे' असे शब्दही चालतात. होईल तेवढे द्या, असे आपण पंपावर सांगतो तसे. चालू-बंद करावयाच्या जागी 'चालू' हा शब्द चालतो, एक चालतो, आणि टिंबाचा आकडाही चालतो. तो आधी पूर्णांकात आणावा. शून्य आले तर बंद, अन्यथा चालू. म्हणजे ०.४ म्हटले तर बंद. परंतु 'चालू आहेस का?' असे विचारले तर उत्तर फक्त एक किंवा शून्य. 'चालू' हा शब्द यंत्र कधी उच्चारणार नाही.

एवढे सर्व बांधूनही गाठी राहिल्याच. पहिली गाठ एककाची. नुसता आकडा म्हणजे काहीच नव्हे हे भिलाईकरांना सांगावयास नको. येथे रूळ होतात. जुना नव्वदाचा रूळ म्हणजे एका यार्डाला नव्वद पौंड, आणि पुढचा बावन्नाचा रूळ म्हणजे एका मीटरला बावन्न किलो. आकडा लहान झाला आणि रूळ जड झाला. नव्वदाचा रूळ किलोत सांगितला तर मीटरला पंचेचाळीसाच्या आतच भरतो. म्हणून यंत्रालाही आकड्यापुढे एकक जोडून देता येते. आता यंत्र लहान-मोठ्या अक्षरांत भेद करीत नाही, ही उदारताच. पण शास्त्रज्ञांच्या लिपीत लहान एम म्हणजे मिली, हजारावा भाग, आणि मोठा एम म्हणजे मेगा, दहा लाख पट. दोन्हींमध्ये अंतर शंभर कोटी पटींचे! भेदच नसेल तर एम म्हणजे काय? मानकाने ठरविले की एम म्हणजे मिली आणि मेगासाठी एम-ए लिहावे. परंतु जगातला प्रत्येक रेडिओ-इंजिनियर मेगाहर्ट्झ नुसत्या एमने लिहितो, आणि मेगओहमही. तेव्हा अपवाद घातला : हर्ट्झ आणि ओहम ह्या दोहोंपुरता एम म्हणजे मेगा. परिणामी व्होल्टाच्या मागे लागलेला एम आकड्याला हजारपट लहान करतो आणि हर्ट्झच्या मागे लागलेला तोच एम दहा लाखपट मोठा करतो. शिस्तप्रिय माणसाला हे खटकते. मला मात्र ह्यात कायदा करणाऱ्याचा नेहमीचा अनुभव दिसला. लोकांची सवय इतकी पक्की असते की तिच्यापुढे कलमाला 'परंतु' जोडावाच लागतो.

दुसरी गाठ अनंताची. मीटरला झेपण्यापलीकडे दाब आला, तर त्याने उत्तर काय द्यावे? 'मोजता येत नाही' हे शब्द बोलण्याची त्याला मुभा नाही, कारण उत्तर आकड्यातच देण्याची शिस्त त्याच्यावर आहे. म्हणून एक आकडाच बाजूला काढून ठेवला : ९.९ई३७, म्हणजे नव्व्याण्णवापुढे छत्तीस शून्ये. संगणकाच्या बत्तीस घरांच्या साच्यात मावणारा, आणि खऱ्या मोजणीत कधी येणार नाही इतका मोठा. आणि 'हा आकडाच नव्हे' असे सांगावयाचे असेल तर त्याच्या शेजारचा ९.९१ई३७. म्हणजे हे दोन आकडे पुन्हा सेक्टर १० सारखे झाले. राशीचा वेष घेतलेली नावे! ज्या माणसाला हे ठाऊक आहे तो ती उत्तरे वेगळी काढतो. ज्या आज्ञावलीला ते कोणी सांगितलेले नाही ती सरळ सरासरी काढते. नऊ वाचने दीड-दीड व्होल्टांची आणि दहावे अनंताचे, तर सरासरी नव्व्याण्णवापुढे पस्तीस शून्ये इतके व्होल्ट. हे तरी बरे, कारण इतका वेडा आकडा पाहून कोणीही थांबेल. आणे-पैच्या काळच्या आमच्या कारकुनाने रिकाम्या घरात रेघ मारून ठेवली असती. रेघेची बेरीज कोणी करीत नाही.

तिसरी आणि सर्वांत जुनी गाठ स्वल्पविरामाची. १९४८ मध्ये वजने व मापे यांच्या नवव्या सर्वसाधारण परिषदेने ठरविले होते की पूर्णांक आणि दशांश वेगळे करण्यासाठी फ्रेंच रीतीचा स्वल्पविराम वापरावा किंवा ब्रिटिश रीतीचे टिंब, आणि तीन-तीन अंकांच्या गटांमध्ये ह्यांपैकी काहीच न घालता मोकळी जागा ठेवावी. भिलाईच्या रशियन तंत्रज्ञाची रीत ह्या ठरावाला धरूनच होती. आपली लाख-कोटींची नव्हती. २००३ मध्ये बाविसाव्या परिषदेने पुन्हा विचार केला आणि पुन्हा हेच सांगितले की टिंब किंवा स्वल्पविराम, दोन्ही चालतील. पंचावन्न वर्षांत तडजोड तसूभर हलली नाही. १९८५ च्या ६०९३ क्रमांकाच्या मानकानेही दोन्ही चिन्हे मान्य केली होती. मापनयंत्रांच्या मानकाने मात्र एकच घेतले, टिंब. त्याचा नाइलाज होता. कारण एका आज्ञेत दोन पॅरामीटर असतील तर त्यांच्या मध्ये ठेवण्यासाठी त्याने स्वल्पविराम आधीच खर्च करून टाकला होता.

ह्याचा परिणाम जर्मनीत, फ्रान्समध्ये किंवा रशियात बसलेल्या आज्ञावली लिहिणाऱ्याला भोगावा लागतो. त्याचा संगणक त्याच्या देशाच्या रीतीप्रमाणे दीड हा आकडा एक-स्वल्पविराम-पाच असा छापतो, आणि तीच अक्षरे तारेवरून यंत्राकडे जातात. ज्या आज्ञेला एकच पॅरामीटर लागतो तेथे यंत्र दोन आलेले पाहून उणे एकशे आठ क्रमांकाची तक्रार करते : जादा पॅरामीटर चालणार नाही. हे नशीबच म्हणावयाचे. परंतु काही वीजपुरवठा-यंत्रांना 'अप्लाय' अशी एक आज्ञा आहे, आणि तिला दोन पॅरामीटर असतात, पहिला व्होल्ट, दुसरा प्रवाहाची मर्यादा. त्या यंत्राला दीड व्होल्ट द्यावयाचे म्हणून 'अप्लाय १,५' अशी आज्ञा गेली तर यंत्राला त्यात वावगे काही दिसत नाही. ते एक व्होल्ट देते आणि प्रवाहाची मर्यादा पाच अँपियर ठेवते. तक्रारीच्या यादीत काहीही उमटत नाही. ज्या नाजूक भागाला कसाबसा अर्धा अँपियर सोसतो त्याच्यासाठी ही परवानगी दसपट आहे.

स्कपीच्या ग्रंथाची १९९९ नंतर नवी आवृत्ती निघालेली नाही. चोवीस टाचण्यांची तार मागे पडून यंत्रे आता संगणकाच्या साध्या जोडणीवर आणि जाळ्यांवर बोलतात, पण तीच भाषा बोलतात. आज कोणत्याही देशातून आलेल्या मीटरला दाब विचारला तर बहुधा अधिकचे चिन्ह, एक, टिंब, मग पाच, मग शून्यांची एक ओळ, मग ई आणि घात, अशा ठरलेल्या लांबीच्या रूपातच उत्तर येते. आणि स्वल्पविरामाच्या देशांतले जाणते लोक आज्ञावलीच्या अगदी पहिल्या ओळीत आपल्या संगणकाला बजावून ठेवतात की ह्या कामापुरते दशांशाचे चिन्ह टिंब समज, बाकी घरात काय लिहावयाचे ते लिही.